फेरफार नोंदवहीपासून गिटपर्यंत: कोणी, कधी, काय बदललं?

आजची पोस्ट लांब आहे, जेवणं आटोपल्यावर निवांत वाचा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. सुरुवात आपल्या सातबाऱ्यापासून आहे आणि शेवटही तिथेच होणार आहे.

माझा पुतण्या पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कोरोनात घरी आला तेव्हापासून महिन्यातले निम्मे दिवस विंचूरलाच असतो. एका संध्याकाळी चहा द्यायला वरच्या खोलीत गेलो, तर त्याच्या स्क्रीनवर काही ओळी लाल, काही हिरव्या. लाल ओळीच्या आधी वजाबाकीचं चिन्ह, हिरव्या ओळीच्या आधी बेरजेचं. सगळ्यात वर एका मुलीचं नाव, तारीख, वेळ आणि एका ओळीत कारण. ती मुलगी कोइमतूरची, हा विंचूरचा. दोघं एकाच प्रोग्रॅमवर दीड वर्ष काम करतात आणि समोरासमोर अजून भेटलेले नाहीत.

"काका, लाल म्हणजे काढलेलं, हिरवं म्हणजे नवीन घातलेलं. कोणी, कधी, का बदललं ते वर लिहिलंय. मी तपासून हो म्हटलं की मग ते मूळ प्रोग्रॅममध्ये जाईल."

मी म्हटलं, "अरे, हा तर फेरफार!"

तो हसायला लागला. त्याला फेरफार म्हणजे घोटाळा एवढंच माहीत. त्याचा दोष नाही. आम्ही पत्रकारच "आकडेवारीत फेरफार" असे मथळे छापतो. पण महसुलाच्या भाषेत फेरफार हा फार सरळ शब्द आहे. झालेला बदल उघडपणे लिहून ठेवणे, म्हणजे फेरफार. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले यावर मी त्या रात्री बराच विचार केला, कारण आमच्या घरात त्याच सुमारास एक प्रकरण चालू होतं.

ते आधी सांगतो.

आजोबा गेले १९८० च्या दशकात. वारस नोंद झाली तेव्हा वडील आणि चुलते कब्जेदार म्हणून लागले आणि आत्याचं नाव 'इतर हक्कात' गेलं. त्या काळी घरोघरी असंच व्हायचं. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर ते नाव वर्षानुवर्षं होतं. पुढे सातबारा कॉम्प्युटरवर चढला आणि चढवताना ते नाव गळलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. हजारो उतारे टाइप करताना एक ओळ राहिली असेल. पण राहिली ती आमच्या आत्याची.

आम्हाला पत्ताच नव्हता. कर्जाच्या कामासाठी नवीन उतारा काढला तेव्हा लक्षात आलं. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, "आताच्या उताऱ्यावर नाव नाही ना, मग नाही." आत्या पंचाहत्तरीच्या. बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला काही वाटा नको रे. पण बापाच्या जमिनीवर नाव होतं, ते कुणी काढलं एवढं तरी सांगा."

मंडळी, या एका प्रश्नाभोवतीच आजची सगळी पोस्ट आहे. *कुणी काढलं, कधी काढलं, आणि का?*

नमुना सहा

आपल्यापैकी बहुतेकांना सातबारा पाठ असतो. सात म्हणजे गाव नमुना ७, जमीन कोणाची ते. बारा म्हणजे नमुना १२, पीक कोणतं ते. पण या दोघांचा बाप आहे नमुना ६, फेरफार नोंदवही. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली ते नमुना ६ सांगतो.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला, १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चालते. पद्धत मात्र थोडक्यात तीच आहे. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, बोजा चढला, काहीही झालं तरी तलाठ्याने (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करायची नाही. आधी नमुना ६ मध्ये नोंद धरायची. तिला पुढचा क्रमांक द्यायचा. काय बदल, कशाच्या आधारे, ते लिहायचं. चावडीवर लावायचं, संबंधितांना नोटीस द्यायची. पंधरा दिवस हरकतीसाठी. हरकत आली तर प्रकरण ६अ या वेगळ्या नोंदवहीत जातं आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. हरकत नसली तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो. एवढं झाल्यावरच सातबारा बदलतो.

बदलतो म्हणजे तरी कसा? जुनं नाव खोडरबरने पुसत नाहीत. त्याला कंस करतात. "त्याच्या नावाला कंस झाला" हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. नवीन नाव खाली येतं आणि शेजारी गोलात फेरफाराचा क्रमांक. हा गोल म्हणजे धागा आहे. तो धरून मागे गेलं की आधीचा फेरफार, त्याच्या मागे त्याच्या आधीचा.

आमची आत्या याच धाग्याने सापडली. वडिलांच्या ट्रंकेत हस्तलिखित उताऱ्याची एक जुनी नक्कल निघाली. तिच्यावर गोलात क्रमांक होता. त्या क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल काढली. वारसांच्या यादीत आत्याचं नाव, आणि नोंद प्रमाणित. ते कमी करणारा पुढचा एकही फेरफार नाही. म्हणजे नाव कोणी काढलेलंच नव्हतं, ते नुसतं पडलं होतं. संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करता येते. अर्ज केला. अकरा महिने लागले, पण नाव परत आलं.

आता विचार करा. नोंदवही नसती आणि फक्त आजचा सातबारा असता तर? आमच्याकडे आत्याच्या तोंडी शब्दाशिवाय काहीच नव्हतं.

शिक्कामोर्तब

आपलं गाव सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं. तेव्हा जुन्या कागदांची आपल्याला थोडी तरी ओढ असायला हवी. शिवकाळापासूनच्या मराठी पत्रांत वर शिक्का असतो आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरचे शब्द 'मर्यादेयं विराजते' असे आहेत, म्हणजे मजकुराची मर्यादा इथे झाली. याच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती बनावट. पत्र लांब असलं तर कागदाला कागद चिकटवत आणि त्या सांध्यावर मागच्या बाजूने शिक्का मारत. मधला एखादा कागद काढून दुसरा बसवला तर अर्धा शिक्का इकडे, अर्धा तिकडे जुळणार नाही.

हा सांध्यावरचा शिक्का लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

नोंद नसली की काय होतं

छापखाना येण्याआधी ग्रंथ हाताने नकलून घेत. नकलणारा कधी चुकायचा, कधी आपलं पदरचं घालायचा. काय घातलं, काय गाळलं याची नोंद कोणी ठेवत नव्हतं. ज्ञानेश्वरीचंही तसंच झालं होतं. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदच देऊन ठेवली.

महाभारताचा पसारा तर याहून मोठा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. एकट्या पुण्यात हे होणं शक्य नव्हतं. पाठ ताडून पाहण्याचं काम शांतिनिकेतन आणि तंजावरलाही चाललं आणि तिथले तक्ते पुण्याला येत. तक्त्याची पद्धत बघा. वर एका श्लोकाची अक्षरं चौकटीत सुटी सुटी लिहायची आणि खाली एकेका पोथीत जिथे फरक असेल तेवढंच अक्षर भरायचं. सारखं असेल तिथे चौकट रिकामी.

१९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक होते. मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले. १९४३ मध्ये ते गेले. पुढे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, त्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य. १९६६ मध्ये काम पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं, एकोणीस खंड.

त्यांचा प्रामाणिकपणा असा, की जे मूळचं वाटलं नाही ते फेकून दिलं नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत पोथीच्या खुणेसकट ठेवलं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथा आपल्या सगळ्यांच्या आवडीची, पण जुन्या शाखांच्या पोथ्यांत तिला आधार मिळाला नाही. तीही परिशिष्टात गेली. म्हणजे एका अर्थी तिला कंस झाला, पण कंसात ती कायम वाचता येते.

लिहिणाऱ्यांनी बदलाची नोंद ठेवली असती तर विद्वानांच्या तीन पिढ्या या कामी लागल्या नसत्या. हे मी गमतीने म्हणतोय, पण पूर्ण गमतीनेही नाही.

अमेरिकेत पडलेला तोच प्रश्न

कोड म्हणजे कॉम्प्युटरला ओळीओळीने लिहून दिलेल्या सूचना. दहा माणसं एकच कोड लिहायला लागली की पोथीचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न एकदम उभा राहतो. काल चालत होतं, आज बंद पडलं. कोणी काय बदललं?

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी पहिली मोठी व्यवस्था लिहिली. १९७४ मध्ये तिथेच डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांचा 'डिफ' हा प्रोग्रॅम आला. दोन प्रती दिल्या की फक्त फरक काढून दाखवायचा. भांडारकर संस्थेचे तक्ते जे करत होते ते काम क्षणात. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिला. तो याच्या उलट. फरकाचा कागद आणि जुनी प्रत दिली की नवीन प्रत तयार. याचा फायदा लक्षात घ्या. आता सगळा ग्रंथ पाठवायची गरज राहिली नाही. "अमुक ओळ काढ, तमुक घाल" एवढंच पाठवलं की पुरे. अनोळखी माणसांनी एकमेकांना दुरुस्त्या पाठवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथून.

तरी एक अडचण राहिली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी केलेल्या व्यवस्थेत ज्याला बदल करायचा त्याने आधी फाइलला कुलूप लावायचं. त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. आपल्याला हे सांगायला नको. दप्तर तलाठ्याच्या पिशवीत, तलाठी तालुक्याला, आणि अख्खं गाव सही-शिक्क्यासाठी ओट्यावर!

ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात डिक ग्रून नावाचे प्राध्यापक होते. ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी एका प्रोग्रॅमवर काम करत होते आणि तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. एकाची ठरलेल्या वेळेची नोकरी, दुसऱ्याचं कधीही येणं-जाणं, आणि स्वतः प्राध्यापक फक्त संध्याकाळी मोकळे. कुलूप लावून घरी गेलेल्या माणसाची वाट कोण बघणार? म्हणून त्यांनी कुलूपच काढून टाकलं. तिघांनी आपापल्या प्रतीवर काम करावं आणि नंतर बदल एकत्र करावेत. वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर आपोआप जुळतात. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल तरच कॉम्प्युटर थांबतो आणि म्हणतो, इथे वाद आहे, माणसाने ठरवा. पोरं त्याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. मी पुतण्याला म्हटलं, ही तुमची ६अ ची नोंदवही! ग्रून यांनी हे १९८६ मध्ये सगळ्यांना वापरायला दिलं. त्याचं नाव सीव्हीएस. पुढची पंधरा-वीस वर्षं जगातलं कितीतरी काम त्यावर चाललं.

२००५ चा एप्रिल

लिनक्स तुम्ही ऐकलं असेल. नसेल तरी खिशात आहे, कारण अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच असतं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ते सुरू केलं आणि जगभरातले लोक त्याला ईमेलने पॅच पाठवू लागले. एक माणूस, हजारो पॅच. तोच तलाठी, तोच मंडळ अधिकारी. १९९८ च्या सुमारास लोक तक्रार करू लागले की आमचे पॅच हरवतात.

२००२ पासून त्यांनी बिटकीपर नावाची एका कंपनीची व्यवस्था वापरायला घेतली. फुकट होती, पण अटी होत्या. २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. हजारो माणसांचं सामायिक दप्तर ज्या व्यवस्थेवर चालतं ती दुसऱ्याच्या मालकीची असली की काय होतं, त्याचा हा धडा.

मग टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ च्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवीन व्यवस्था लिहायला घेतली. काही दिवसांतच ती इतकी उभी राहिली की तिच्या स्वतःच्याच कोडमधले बदल ती स्वतः नोंदवू लागली. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती तिच्यावरच निघाली. जुलैमध्ये त्याने ती जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवली. हीच ती 'गिट'. गिट म्हणजे इंग्लंडच्या बोलीत तिरसट माणूस. टोरवाल्ड्स गमतीने म्हणायचा की मी माझ्या सगळ्या कामांना माझंच नाव देतो.

गिटमध्ये नवीन काय? दोन गोष्टी.

पहिली. दप्तर एका ठिकाणी नाही. पोरं त्या दप्तराला 'रेपो' म्हणतात. काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अख्खं दप्तर, पहिल्या फेरफारापासून कालच्या फेरफारापर्यंत. आमच्याकडे वादळ-पावसात नेट जातं, तरी पुतण्या काम करत राहतो. त्याच्या लॅपटॉपवर सगळा इतिहास आहे. नेट आलं की आपले बदल पाठवतो, इतरांचे घेतो. एकाचं दप्तर वाळवीने खाल्लं तरी दुसऱ्याकडून जसंच्या तसं परत मिळतं.

दुसरी, सांध्यावरचा शिक्का. प्रत्येक बदलाला गिट चाळीस अक्षरांचा एक ठसा देतं. तो ठसा त्या बदलाच्या मजकुरावरून निघतो आणि त्यात आधीच्या बदलाचा ठसाही मिसळलेला असतो. मागचं एक अक्षर जरी कोणी गुपचूप बदललं तरी त्याचा ठसा बदलतो, मग त्याच्या पुढच्याचा, मग सगळ्यांचाच. बाकीच्यांच्या प्रतीशी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. आपल्या कारकुनांनी सरसाने चिकटवलेल्या कागदावर जे केलं, तेच इथे गणिताने केलंय.

गिटमध्ये एक आज्ञा आहे, 'ब्लेम'. फाइलवर ती चालवली की प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटी कोणी आणि कधी बदलली ते येतं. मी पुतण्याला म्हटलं, ही आज्ञा ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकावर चालवता येईल का? तो म्हणाला, "काका, तुम्हाला गावात राहायचंय ना?"

हे आपल्याकडे कुठे आहे?

२००८ मध्ये गिटहब आलं. गिटची दप्तरं ठेवायची मोठी इमारत म्हणा. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरला घेतली. तिथे 'पुल रिक्वेस्ट' नावाची पद्धत आहे. अनोळखी माणूस म्हणतो, मी हा बदल केलाय, घ्याल का? जबाबदार माणूस तपासतो, प्रश्न विचारतो, बाकीचे मत देतात, मग मंजूर किंवा नामंजूर. सगळी चर्चा कायम राहते, नामंजूर झालेल्याचीही.

मुंबईत रुशभ मेहता यांनी सुरू केलेलं ईआरपीनेक्स्ट हे याचं आपल्या जवळचं उदाहरण. हिशेब, माल, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचा सगळा कोड उघडा. जीएसटीचा एखादा नियम बदलला की कोडमध्ये काय बदल झाला, कोणी केला, त्यावर काय चर्चा झाली, हे कोणीही वाचू शकतो आणि चूक दिसली तर दुरुस्ती पाठवू शकतो. पाठवणारा अंधेरीचा की अंदरसूलचा, हे कोणी विचारत नाही. आपल्या भागातल्या डिप्लोमा आणि बीसीएस करणाऱ्या पोरापोरींनी हे नीट लक्षात घ्यावं. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला सर्टिफिकेट असतंच, पण तुमच्या नावावर मंजूर झालेल्या दुरुस्त्या जगाला दिसत असतील तर त्याचं वजन वेगळं असतं.

ज्यांना कोड येत नाही त्यांनी मराठी विकिपीडियाच्या कोणत्याही पानावर 'इतिहास' दाबून बघावं. तीच व्यवस्था, २००३ पासून मराठीत चालू आहे.

पण वाचणारा पाहिजे

आता कोणाला वाटेल की गिट आलं, प्रश्न मिटला. तसं नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं एक छोटं साधन आहे. बहुतेक लिनक्स कॉम्प्युटरवर असतं. ते सांभाळणारा मुळात एकच माणूस, तोही विनामोबदला. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत केली. चांगल्या दुरुस्त्या पाठवल्या, विश्वास कमावला, मंजुरीचे अधिकार मिळवले. आणि मग चोरदरवाजा बसवला.

बसवला तो कसा, ते बघा. दप्तरात चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींमध्ये विष लपवलं होतं. ते जागं करणारी ओळ मात्र दप्तरात नव्हतीच. लोकांना वाटलेल्या तयार गठ्ठ्यात ती घातली होती. नोंदवहीत एक आणि हातात दिलेल्या उताऱ्यात दुसरंच! मंडळी, हे वाचताना मला आमच्या आत्याचा बाकडा आठवला. आमच्याकडे हातचूक होती, तिकडे डाव होता, पण फट एकाच जागी होती. नोंदवही आणि उतारा यांच्यामध्ये.

तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. दुसरा कोणी म्हणाला असता, जाऊ दे. तो मागे लागला, धागा धरून शोधत गेला आणि जगभरातले असंख्य कॉम्प्युटर वाचले.

गिट नोंद ठेवतं. ती नोंद वाचायची की नाही ते माणसाच्या हातात. शिवाय बदल करणाऱ्याचं नाव गिट स्वतःहून पडताळत नाही, सही जोडलेली नसेल तर तिथे कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतो. म्हणून तपासणारा, हरकत घेणारा, मंजूर करणारा माणूस लागतोच. आपल्या संहितेतली पंधरा दिवसांची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याची सही याच कारणाने आहे.

आता आपल्या गावाचं

२०१७ मध्ये राज्यात चावडीवाचन झालं. कॉम्प्युटरवरचे सातबारे गावात वाचून दाखवायचे, हस्तलिखिताशी ताडायचे आणि चुका सांगायच्या. कल्पना उत्तम होती. पण माझ्याच घरातून कोणी गेलं नव्हतं. मीही नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या गावच्या कार्यक्रमाची बातमी करत होतो. तेव्हा आत्याच्या अकरा महिन्यांत माझाही वाटा आहे, हे कबूल करून टाकतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक. घरातला हस्तलिखित सातबारा, जुन्या नकला रद्दीत घालू नका. गोलातल्या क्रमांकांची यादी करा आणि महत्त्वाच्या फेरफारांच्या नकला काढून ठेवा. विशेषतः वारसाचे. आई, बहीण, आत्या यांची नावं आजच्या उताऱ्यावर आहेत का, ते स्वतः ताडून बघा.

दोन. सरकारच्या 'आपली चावडी' या पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. महिन्यातून दोनदा बघा. फोनवर पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या गटावर नोंद धरली गेली आणि मुदत संपल्यावर कळलं, तर तिथून पुढे चकरा आपल्याच.

तीन. हे सगळ्यांसाठी, म्हणजे ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, शाळा समिती. ठराव बदला, यादी बदला, बदलायला हरकत नाही. पण जुनी प्रत ठेवा आणि कोणी, कधी, कशासाठी बदललं ते शेजारी लिहा. घरकुलाची किंवा नुकसानभरपाईची यादी पहिल्यांदा लागते तेव्हा एक असते आणि आठवड्याने दुसरीच असते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही याद्या भिंतीवर शेजारी शेजारी लावा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्यांना निदान पुरावा तरी असेल.

पुतण्याच्या पिढीला फेरफार म्हणजे लबाडी वाटते, कारण त्यांनी नोंद न केलेलेच फेरफार जास्त पाहिलेत. शब्दाचा चांगला अर्थ परत आणायचा असेल तर तो नोंदवही वाचूनच येईल.

दुरुस्त उतारा मिळाला त्या दिवशी तो घेऊन आत्याकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग शेजारच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा काय नंबर?"

म्हटलं, "आत्या, हा नवीन फेरफार. आता पुन्हा नाव पडलं तर या नंबरावरून सापडेल."

त्यांनी नातीला हाक मारली आणि तो नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घ्यायला लावला.

तुमच्या घरात असं गळलेलं नाव असेल तर खाली नक्की लिहा. गट नंबर आणि नावं जाहीर टाकू नका, फक्त काय झालं आणि कसं सुटलं ते सांगा. दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

#विंचूर #निफाड #सातबारा #फेरफार #गिट